पालकातलं लोह

माझ्या बायकोच्या अंगात रक्त कमी आहे हे कळलं, तेव्हा मी पहिल्यांदा दोष दिला तो मातीला. दोष देण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. समोर पोरं नव्हती, हातात खडू नव्हता, आणि डोक्यात अख्खा अभ्यासक्रम जसाच्या तसा भरलेला. अशा माणसाला घरात एक दुखणं सापडलं की तो त्याचा प्रयोग करतो. मी केला.

आमचं गाव येरमाळ्यापासून थोडं आत आहे. घर गावाच्या कडेला, आणि घरामागं आठ गुंठे मोकळी जागा. माती पांढरट, चुनखडीची. वाळली की भिंतीचा पोपडा निघावा तशी निघते. बोअरचं पाणीही तसंच, हंड्याला आतून पांढरा थर धरणारं. तिथं माझी बायको वर्षानुवर्षं घरापुरती भाजी लावायची आणि ती भाजी वर्षानुवर्षं पिवळी पडायची. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आपल्याकडची मेथी अशीच असते, असं तिचं मत होतं.

गावात एकदा आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. बायांची रांग लावून बोटातून रक्त घेतलं. हिचं हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. तिथल्या सिस्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "महिन्याभरानं दवाखान्यात येऊन पुन्हा दाखवा, का कमी झालंय ते बघावं लागंल." हे शेवटचं वाक्य माझ्यादेखत बोलल्या. मी ऐकलं होतं. 'का' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असल्यामुळं मी ते पुढं कुणाला विचारायला गेलो नाही.

ती तेव्हा चौपन्न वर्षांची होती. आयुष्यभर माझ्याआधी उठलेली आणि माझ्यानंतर जेवलेली. चार पायऱ्या चढली की भिंतीला हात लावून उभी राहायला लागली होती. गोळ्या तिनं आठवडाभर घेतल्या आणि मग तोंड वाकडं केलं.

"आवो, ही गोळी घेतली की दिसभर कुलूप चघळल्यावानी वाटतंय. पोटात मळमळ. भाकर जाईना."

"भाकरी जात नाही म्हणजे मग रक्त कशाचं होणार?" मी म्हणालो. "थांब. गोळीतलं लोह आपण भाजीत आणू."

ती हसली. मी काही सांगायला लागलो की ती आधी हसायची आणि मग कामाला लागायची. माझ्या सगळ्या प्रयोगांची मजूर तीच होती.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते झाडाला मिळत नाही. चुना त्याला धरून बसतो. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडालाच मिळालं नाही तर खाणाऱ्याला कुठून मिळणार? हे सगळं खरं आहे. या खऱ्या गोष्टींच्या जोरावरच मी इतका लांब गेलो.

पहिलं काम माती तपासणीचं. मी प्रयोगशाळेचं पत्रक आणलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांधाजवळची नको, उकिरड्याजवळची नको, झाडाखालची नको. आणि लोह, जस्त असलं काही तपासायचं असेल तर लोखंडी अवजार लावायचं नाही. ती खुरपं घेऊन आली होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि बांबूची कामटी दिली. लोखंडी घमेलं बाजूला ठेवलं आणि प्लास्टिकचं आणायला लावलं.

"का वो? लोखंडाचा विटाळ हुतो व्हय मातीला?"

"तसंच समज."

"घ्या! आपल्या पिढ्या गेल्या विटाळ विटाळ ऐकण्यात. आता तुमी माती बाटवायला निघाला." आणि मग कामटीनं माती खरवडत स्वतःशीच पुटपुटली, "शिकलेल्या मानसाचं सोवळं लई कडक."

मी हसलो नाही. मी त्या वेळी शिक्षक होतो. आठ ठिकाणची माती फडक्यावर एकत्र केली, गोल पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकून दिले, पुन्हा चार भाग केले. ती गुडघे धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा तेव्हा त्या मातीच्याच रंगाचा झाला होता, आणि मला ते दिसत होतं. मी मनात म्हणालो, थांब, सहा महिन्यांत तुला लाल करतो.

मातीचा निकाल मला हवा तसाच आला. सामू आठच्या वर, चुना भरपूर, लोह कमी, जस्त कमी. मला इतका आनंद झाला की मी कागद घेऊन थेट चुलीपाशी गेलो. बायकोच्या अशक्तपणाचं कारण कागदावर छापून आलं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. म्हणजे ती लागली आणि मी मार्गदर्शन केलं. शेणखतात हिराकस मिसळून ते मुरत ठेवलं. हिराकस म्हणजे लोहाचा तो हिरवट खडा, खताच्या दुकानात पिशवीत मिळतो. गंधक टाकलं. वाफे भरून काढले. पालक, मेथी, राजगिरा आणि शेपू लावला. पानं आल्यावर हिराकसाच्या पाण्यात लिंबू पिळून फवारणी केली. पंप तिच्या पाठीवर असायचा, कारण फवारा किती बारीक पडतो हे बघायला माझे डोळे मोकळे हवे होते. पंप भरलेला असला की ती दोन वाफे झाले की बसायची. मी घड्याळ बघायचो.

आणि भाजी खरंच बदलली. त्या पांढऱ्या जमिनीत असा काळपट हिरवा पालक कधी कुणी बघितला नव्हता. पान जाड, मोडलं की कट्कन मोडायचं. मी भिंग घेऊन वाफ्यात उकिडवा बसायचो आणि पानांच्या शिरा बघायचो. एका सकाळी मी असाच बसलो होतो आणि ती पलीकडच्या वाफ्यात तण काढत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आवो, परत अंगावरून जायला लागलंय."

तिची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. हे मला माहीत होतं. पाळी गेल्यावर रक्त जाणं बरं नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं. नववीला प्रजननसंस्था मीच शिकवायचो. तो धडा मी दरवर्षी पटापट उरकायचो आणि मुलींना म्हणायचो, घरी वाचून घ्या.

"लाल जातंय का पांढरं?" एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी पान उलटं केलं आणि म्हणालो, "अशक्तपणानं होतं तसं. लोह भरून आलं की थांबेल."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या सरीला गेली.

या 'बरं'वर मी नंतर फार विचार केला. तिनं ते पटलं म्हणून म्हटलं, की आणखी काय बोलणार म्हणून म्हटलं, ते मला ठरवता आलं नाही. तिनं हे सांगण्यासाठी किती दिवस धीर गोळा केला असेल, तेही मला माहीत नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याला असलं काही सांगते तेव्हा ते बरंच पुढं गेलेलं असतं.

भाजी चांगली दिसते एवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. मला पुरावा पाहिजे होता. प्रयोगशाळेत फोन केला. त्यांनी सांगितलं, पानं धुऊन, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात पाठवा. नेमकं मला त्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी धाराशिवला दोनदा जावं लागलं. मी हिला सांगितलं, तिसरं-चौथं पान खुड, धू, वाळव आणि बारीक पूड कर. पूड हे माझं डोकं. त्यांना नुसती वाळलेली पानं चालली असती. जास्तीची पूड कर, असंही सांगितलं, म्हणजे उरलेली डब्यात भरून ठेवता येईल आणि तिच्या पिठल्यात, आमटीत चमचा चमचा टाकता येईल. मी परत आलो तेव्हा पूड तयार होती. मैद्यासारखी मऊ. तिनं ती दोनदा वस्त्रगाळ केली होती. मी शाबासकी दिली. कशी केली ते विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पालकात लोह इतकं निघालं की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मागोमाग प्रयोगशाळेतून मला फोनही आला. तिथला माणूस अदबीनं बोलत होता. "सर, आकडा जरा जास्तच दिसतोय. एकदा पुन्हा नमुना पाठवता का?"

"जास्त दिसणारच," मी म्हणालो. "मेहनत केलीय इथं."

मी तो कागद लॅमिनेट करून घेतला. शाळेत नेऊन दाखवला. बचत गटाच्या बायकांसमोर अर्धा तास बोललो. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. बायका बी मागायला घरी यायला लागल्या. माझी बायको त्यांना चहा द्यायची, दाराला टेकून बसायची आणि माझी टर उडवायची. "आमचं गुरुजी मातीचं बी रगत तपासत्यात बाई. पानाचं बी तपासत्यात." सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. तिला माझा अभिमान वाटत होता, आणि मला तो दिसत होता. निवृत्त माणसाला दुसरं काय पाहिजे असतं?

गोळ्यांची पाकिटं मी स्वतः कपाटात नेऊन ठेवली. "आता हे नको. पान खा."

ती खायला लागली. सकाळी पालक, दुपारी राजगिरा, संध्याकाळी मेथी. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावला. चार महिन्यांनी तालुक्याला नेऊन रक्त तपासलं. आधीपेक्षा कमी होतं.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता. मी तिच्यावर चिडलो. जेवल्यावर लगेच चहा पितेस, चहानं लोह अंगी लागत नाही. भाजी फार शिजवतेस. पाणी ओतून देतेस. मी चहा बंद केला. भाजीवर लिंबू पिळून तिच्यासमोर बसायला लागलो, ताट रिकामं होईपर्यंत. ती घास तोंडात फिरवत राहायची.

"शेळी केली तुमी माझी," एकदा म्हणाली.

"शेळीला अशक्तपणा येत नाही," मी म्हणालो. मला ते उत्तर फार आवडलं होतं. मी ते दोन-तीन जणांना सांगितलं.

तेवढ्यात वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्या भागात गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. आमच्या घरात पूजा करत नाहीत, पण भज्जी आणि आंबील सोडायला कुणी तयार नाही. शेत आम्ही वाट्यानं दिलेलं आहे, तरी त्या दिवशी जायचंच. उमरग्याहून मुलगी आली होती. हिनं पहाटेपासून तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे शिजवून, घरचा सगळा पाला घालून भज्जी केली होती. पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली. निम्म्या वाटेत तिनं पाटी खाली ठेवली आणि बांधावर बसली. मी पुढं होतो. मागं वळून म्हणालो, "उन्हं वर आली, चला." मुलगी तिच्याजवळ थांबली.

मी शेतात पोचून बराच वेळ झाला तरी दोघी येईनात. मग मुलगी एकटी आली. तिच्या हातात पाटी नव्हती.

"आण्णा, आईचं लुगडं भरलंय सगळं. वर्ष झालं तिला असं जातंय. तुमाला म्हाईत हाय म्हनती."

"माहीत आहे. लोहाची कमतरता असली की..."

"आण्णा, गप बसा."

जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी असं बोलली.  तिनं फोन करून रिक्षा बोलावली. भज्जी बांधावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीला गेलो. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, म्हणाल्या, आणि पसरलेला. किती दिवसांपासून रक्त जातंय, असं त्यांनी हिला विचारलं. "वरीस झालं असंल," ही म्हणाली. घरात सांगितलं नाही का, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "सांगायसारखं काय असतंय त्यात?"

ती खोटं बोलली. मला वाचवायला बोलली, आणि मी ते खोटं घेतलं.

घेतलं ते घेतलं, वर मी पिशवीतून तो लॅमिनेट केलेला कागद काढला आणि डॉक्टरांच्या पुढं ठेवला. का ठेवला ते आजही मला नीट सांगता येत नाही. माझ्याकडून काही कमी पडलेलं नाही, हे कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं. त्यांनी तो शिष्टाचार म्हणून वाचला आणि परत दिला. नंतर हिला बाहेर बसवून मला म्हणाल्या, "भाजी चांगलीच आहे, खाऊ द्या त्यांना. पण याचा भाजीशी काही संबंध नाही. रक्त खालून जात होतं. तुम्ही वरून काय घालत होता, त्यानं फरक पडणार नव्हता. वेळेवर आल्या असत्या तर..."

शेकायला नेणं सुरू झालं. लाईट देणं म्हणतात त्याला. बार्शीच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून बसायची आणि रस्त्यात कुणाच्या रानात काय लावलंय ते मला सांगायची. मी नुसता हूं हूं करायचो. तिचं वजन उतरत गेलं. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी सांगितलं की आता घरीच ठेवा.

घरी ठेवल्यावर माझ्याकडे पुन्हा रिकामा वेळ आला. आणि रिकाम्या वेळेत मी तो आकडा धरून बसलो. डॉक्टरांचं वाक्य मला समजलं नव्हतं असं नाही. पण त्या वाक्यात दोष माझा होता आणि मला दुसरा कुणीतरी पाहिजे होता. मी प्रयोगशाळेत फोन केला आणि तोंड सोडलं. तुमच्या रिपोर्टवर विसंबून मी गोळ्या बंद केल्या, असं म्हणालो. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, मी तेव्हाच तुम्हाला पुन्हा नमुना मागितला होता. पूड कशात केली होती? घरी उरली असेल तर तिच्यावरून चुंबक फिरवून बघा."

शाळेतून निरोप घेताना मी एक जुना नालेच्या आकाराचा चुंबक सोबत आणला होता. पुडीचा डबा स्वयंपाकघरात होता. मी कागदावर चमचाभर पूड पसरली आणि चुंबक फिरवला. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक काळी लव आली. पोरांना लोहकिसाचा प्रयोग दाखवायचो, तशीच.

ती ओसरीत खाटेवर पडलेली होती. मी चुंबक तिच्या तोंडापुढं धरला.

"पूड कशात कुटली होतीस?"

तिला आधी कळेना मी काय विचारतोय ते. "कंची पूड?"

"पालकाची! प्रयोगशाळेला पाठवलेली!"

"खलबत्त्यात. दुसऱ्या कशात कुटणार? आभाळ आल्तं, पानं वाळंनात, म्हून आधी तव्यावर गरम केली. मऊ व्हावी म्हून लई कुटली." आणि मग हळू आवाजात, "का वो, काय झालं?"

आमचा खलबत्ता लोखंडी आहे. तवाही लोखंडीच. तिच्या मनगटाच्या जोरावर निघालेलं लोखंड मी पालकाच्या नावावर मिरवत होतो.

"तुला सांगितलं नव्हतं मी? लोखंड लावायचं नाही म्हणून?"

"मातीला म्हनला व्हता. पानाला न्हाय म्हनला."

"एवढं कळत नाही तुला? सगळा रिपोर्ट खोटा आला तुझ्यामुळं! खरा आला असता तर मी तुला तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं!"

हे शेवटचं वाक्य मी मोठ्यानं, स्पष्ट, वर्गात बोलतो तसं बोललो. मुलगी आत कपडे धूत होती, तिनं नळ बंद केला.  हिनं चुंबकाकडे बघितलं. मग पदर तोंडावर घेतला.

मी त्या वाक्याची नंतर पुष्कळ तपासणी केली. निकाल खरा आला असता, पानात लोह कमी निघालं असतं, तर मी काय केलं असतं? आणखी दोन किलो हिराकस आणलं असतं. तिच्या पाठीवर आणखी दोन वेळा पंप दिला असता. दवाखान्यात नेलं नसतं. माझ्या हातात माती होती, पान होतं, पाणी होतं, सगळ्यांचे कागद होते. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिचा कागद करावा असं मला सुचलं नाही. हे मला त्या दिवशी, ते वाक्य तोंडातून निघता निघताच, समजलं होतं. नंतर समजलं असतं तर थोडं तरी बरं होतं.

बायका तिला भेटायला यायच्या. बचत गटातल्या, गल्लीतल्या. उशाशी बसायच्या. मी पुढच्या खोलीत पेपर धरून बसायचो आणि मला सगळं ऐकू यायचं. कसं काय झालं गं बाई एकाएकी, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "माज्याच हातनं झालं. गुरुजींनी किती केलं माज्यासाठी, माती तपासली, खत तपासलं. म्या अडानी, पानं खलबत्त्यात कुटली. रिपोर्ट बिगडला. न्हायतर तवाच कळलं असतं."

पहिल्या वेळी ऐकलं तेव्हा मी उठलो होतो. दारापर्यंत गेलो. डॉक्टरांचं वाक्य माझ्याजवळ होतं. याचा भाजीशी संबंध नाही, एवढं बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर त्याच्या मागून वाफ्यातली ती सकाळ आली असती, सगळ्या बायकांसमोर. मी परत येऊन पेपर उचलला. दुसऱ्या वेळी उठलो नाही. पुढं पुढं ती हे इतक्या सराईतपणे सांगायला लागली की ऐकणाऱ्या बायका घरी जाऊन आपापल्या सुनांना सांगायच्या, खलबत्त्यात कसली पानं कुटू नकोस.

मुलीनं मला एकदा धरलं. "आण्णा, आईला सांगा की तिचं काय चुकलं न्हाय म्हून."

"सांगतो," मी म्हणालो. तिच्याजवळ मी हे तीनदा कबूल केलं.

एका दुपारी हिनं मला हाक मारली. आवाज फार बारीक झाला होता, दोनदा मारावी लागली. मी खाटेच्या कडेला बसलो. तिनं माझा हात शोधला. तिच्या नखांना काही रंगच राहिला नव्हता.

"तुमच्या एवढ्या मेहनतीवर पानी पडलं माज्यामुळं," ती म्हणाली. "लोकांत तुमाला खाली बगाय लागलं. मनात ठिवू नका."

सांगायची वेळ याहून चांगली मिळणार नव्हती. घरात आम्ही दोघंच होतो. मुलगी येरमाळ्याला औषध आणायला गेली होती. ऐकायला कुणी नव्हतं, तिच्याशिवाय. आणि तिनं तर ते ऐकून घेतलं असतं, नुसतं 'बरं' म्हणाली असती.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे. झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही."

तिला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं. त्यानंतर ती नऊ दिवस जगली. नऊही दिवस मी तिच्याजवळ होतो, आणि तिला दिलेली माफी मी मागं घेतली नाही.